डॉज एम-३७ मध्ये डेट्रॉइटचं ३-५३: बसतं, पण गिअर आणि झडप आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे १९५३ सालची डॉज एम-३७ ही लष्करी गाडी आहे. तिच्या मूळ पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलाय. ओळखीतल्या एकाकडे जुन्या स्किडरमधून (तोडलेले ओंडके जंगलातून ओढून आणणाऱ्या यंत्रातून) काढलेलं डेट्रॉइट डिझेलचं ३-५३ इंजिन पडून आहे आणि तो ते भंगाराच्या भावात द्यायला तयार आहे. सगळे सांगतात कमिन्सचं ४बीटी (चार सिलिंडरचं, चार-स्ट्रोक डिझेल) बसव. यांना मात्र टू-स्ट्रोक डिझेलच हवंय. जमेल का, आणि काय काय बघायचं?

जमेल. एम-३७ च्या चेसिसमध्ये ३-५३ बसतं आणि नीट बसवलं तर गाडी वर्षानुवर्षं चालते. मी इथल्या जंगलपट्ट्यात स्किडर, लोडर आणि कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या इंजिनाबद्दल माझ्या मनात जिव्हाळा आहे हे आधीच सांगून टाकतो. तरीही तुमच्यासारखा हौशी माणूस दोनच ठिकाणी हमखास अडकतो: पडून असलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना, आणि त्याच्या मागे कुठले गिअर लावायचे हे ठरवताना. कंस, पट्ट्या, माउंट हे वेल्डिंगचं काम कुणीही करतो. म्हणून मी या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

आधी इंजिनाची ओळख, कारण ती पटल्याशिवाय पुढचं समजत नाही. जनरल मोटर्सने ७१ ही मालिका १९३८ मध्ये आणली आणि त्यानंतर १९५७ मध्ये धाकटी ५३. आकडा म्हणजे एका सिलिंडरचे घन इंच. तीन सिलिंडर, म्हणजे ३-५३ हे १५९ घन इंचांचं, साधारण २.६ लिटरचं. सिलिंडरचा व्यास ९८.४ मिलिमीटर, स्ट्रोक ११४.३. लायनरला (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिला) मध्यावर भोकांची रांग असते. पिस्टन खाली आला की ती भोकं उघडतात आणि ब्लोअरने (इंजिनच फिरवत असलेल्या हवेच्या पंपाने) दाबलेली हवा आत घुसून जळका धूर वरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर ढकलते. हवा आत घेणारा व्हॉल्व्हच नाही, हवा ओढणारा स्ट्रोकही नाही. त्यामुळे इथला ब्लोअर टर्बोसारखा ताकद वाढवायला लावलेला नसतो, त्याच्याशिवाय इंजिनाला श्वासच घेता येत नाही. (ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांच्या बॉनेटवर जो मोठा ब्लोअर दिसतो, त्याची सुरुवात याच घराण्यातल्या ६-७१ च्या ब्लोअरपासून झाली.) डिझेलचा इंजेक्टर प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र, कॅमशाफ्टच्या दट्ट्याने चालणारा. फ्युएल पंपापासून इंजेक्टरपर्यंत उच्च दाबाच्या नळ्या नाहीत, हे दुरुस्ती करणाऱ्याचं मोठं सुख.

कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांनी हा आवाज मोठ्या प्रमाणावर ऐकला आहे. डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या डिझेल लोकोमोटिव्हमधलं ७१० मालिकेचं इंजिन याच जनरल मोटर्सच्या रेल्वे शाखेचं. तेही टू-स्ट्रोक, त्यालाही लायनरला भोकं आणि हेडमध्ये फक्त एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तिथेही आकडा एका सिलिंडरच्या घन इंचांचाच. फक्त तिथे एक सिलिंडर तुमच्या अख्ख्या इंजिनाच्या चौपटीहून मोठा.

प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून २८०० आरपीएमवर हे इंजिन कानाला ५६०० वर फिरल्यासारखं वाटतं. इकडचे लोक त्याला ‘स्क्रीमिंग जिमी’ म्हणतात ते उगाच नाही. तुम्हाला हवा असलेला आवाज तो हाच, पण तासभर बंद केबिनमध्ये कानात बोळे न घालता ऐकून बघा आणि मग ठरवा. लष्कराच्या एम-५६१ ‘गामा गोट’ या गाडीत हेच ३-५३ होतं आणि तिच्या चालकांना कान झाकावे लागत.

आता ताकद. एम-३७ चं मूळ सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन ७८ हॉर्सपॉवरचं. ३-५३ देतं साधारण १००, तेही २८०० आरपीएमला, आणि टॉर्क २०० पौंड-फुटांच्या थोडा वर. म्हणजे फरक पडतो, पण आकाशपाताळाचा नाही. ४बीटी ३.९ लिटरचं, पाव आणि वेफर्स वाटणाऱ्या डबा-गाड्यांमध्ये ते १०५ हॉर्सपॉवर आणि २६५ पौंड-फूट अशा बेताने यायचं, वर डिझेल कमी पितं. रोज ऑफिसला जायचं असेल, लांबचा प्रवास करायचा असेल, तर लोक सांगतात ते बरोबर आहे, ४बीटी घ्या. हौस म्हणून, शनिवार-रविवारच्या डोंगरवाटेसाठी आणि स्वतः पाना हातात घेण्याची तयारी असेल तरच ३-५३.

विकत घेण्याआधी प्लेट वाचा. तीन सिलिंडरच्या ५३ चा मॉडेल नंबर ५०३ ने सुरू होतो: ५ म्हणजे मालिका, ०३ म्हणजे सिलिंडर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन उजवं आहे की डावं. या कंपनीने दोन्ही दिशांना फिरणारी इंजिनं बनवली, कारण बोटींमध्ये जोडीने लावताना एक उलटं लागायचं. ‘आर’ म्हणजे समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारं, गाडीला लागतं ते हेच. ‘एल’ इंजिन चुकून बसवलं तर पुढे जायला एक गिअर आणि मागे यायला चार अशी मौज होईल. स्किडरचं इंजिन बहुधा ‘आर’च असतं, तरी विश्वासावर राहू नका, कारण गेल्या पन्नास वर्षांत त्या स्किडरमध्ये कुणी काय बदललं हे देवाला माहीत. त्यापुढचं ए, बी, सी, डी हे अक्षर ब्लोअर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठल्या बाजूला ते सांगतं. एम-३७ चा स्टिअरिंग बॉक्स डावीकडे आहे. तिकडेच ब्लोअर किंवा एक्झॉस्टचा फुगवटा आला तर कापाकापी वाढते. टेप घेऊन जा आणि मोजा.

तिसरी गोष्ट गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा, आणि ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्किडर, लोडर, कॉम्प्रेसर यांच्या इंजिनांना बहुधा व्हेरिएबल-स्पीड गव्हर्नर असतो. त्यात पेडल म्हणजे ‘किती आरपीएम हवेत’ एवढा हुकूम असतो, तो आकडा गाठायला किती डिझेल सोडायचं हे गव्हर्नर स्वतः ठरवतो. आरा चालवायला उत्तम. गाडीत मात्र पाय जरासा हलला की इंजिन सगळं डिझेल ओतून त्या आकड्याकडे धावतं, खडकांवर गाडी हिसके देते आणि उतारावर पाय काढला की एकदम अडखळते. रस्त्यावरच्या ट्रकना लिमिटिंग-स्पीड गव्हर्नर असायचा: तो फक्त खालची आयडल आणि वरची मर्यादा सांभाळतो, मधलं सगळं चालकाच्या पायावर. तुम्हाला हा दुसरा हवा. जुन्या ट्रकमधला किंवा गामा गोटचा मिळाला तर बदलून घ्या, आणि वरची मर्यादा खरंच २८०० ला लावली आहे का तेही तपासा. यंत्रांवरची इंजिनं अनेकदा कमी आरपीएमवर बांधलेली असतात.

इंजिन आतून कसं आहे हे समजायला हेड उघडावं लागत नाही. ब्लॉकच्या बाजूला एअर बॉक्सची (ब्लोअरची हवा लायनरभोवती जमते त्या खोलीची) झाकणं असतात. ती काढली की लायनरची भोकं दिसतात आणि इंजिन हाताने फिरवत नेलं की पिस्टन आणि रिंगा एकेक करून भोकांसमोरून जातात. टॉर्च धरा. लायनरवर उभे ओरखडे आहेत का, रिंग तुटली आहे का ते बघा. लाकडी काडीने रिंग हलकी दाबून बघा, ती परत उसळली पाहिजे. जळलेल्या तेलात रुतून बसलेली रिंग उसळत नाही. एअर बॉक्सच्या तळाशी थोडं काळं तेल असणारच, ते नॉर्मल. पण तिथे पाणी किंवा हिरवट कूलंट दिसला, तर ५३ च्या लायनरचं सील गेलंय असं समजा. या मालिकेत लायनरच्या वरच्या भागाला बाहेरून पाणी लागतं, त्यामुळे सील गेलं की पाणी सरळ हवेच्या खोलीत उतरतं. मग भाव आणखी पाडा किंवा सोडून द्या.

तेलाची पातळी बघा. दांडीवर तेल खुणेच्या वर असेल आणि पातळ, डिझेलचा वास असेल, तर व्हॉल्व्ह कव्हरखालच्या आखूड फ्युएल पाइपांपैकी एखादा गळतोय. ते पाइप कव्हरच्या आत असल्याने गळती बाहेर दिसतच नाही, सगळं डिझेल ऑइल पॅनमध्ये जातं. असं इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. दुरुस्ती स्वस्त आहे, दुर्लक्ष महाग.

आता पहिलं स्टार्ट. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे इंजिन हाताबाहेर गेलं तर ते किल्ली बंद केल्याने थांबत नाही.

तिन्ही इंजेक्टरच्या रॅकना (किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या दातेरी दांड्यांना) एकाच नळीवरून हलवलं जातं आणि ती नळी गव्हर्नरच्या ताब्यात असते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात एखाद्या इंजेक्टरचा रॅक चिकटतो. एक चिकटला की ती नळीच अडते, आणि उरलेल्या दोघांनाही गव्हर्नर मागे ओढू शकत नाही. इंजिन सुरू होतं ते चढतच जातं. सगळं काही सेकंदांत होतं. म्हणून स्टार्टरला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह कव्हर काढा आणि नळी बोटाने पुढे-मागे करा. ती लोण्यासारखी हलली पाहिजे आणि स्टॉप लिव्हर ओढल्यावर पूर्ण ‘नो फ्युएल’ला गेली पाहिजे. जरा जरी अडली तर तो इंजेक्टर काढून दुरुस्तीला पाठवा. ‘एकदा सुरू झालं की मोकळं होईल’ असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी गॅरेजबाहेर ठेवा.

दुसरा धोका तेलाचा. ब्लोअरची सील झिजली असतील तर तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातं आणि तेच इंधन बनतं. अशा वेळी डिझेलची नळी तोडली तरी उपयोग नाही. थांबवायचा एकच खात्रीचा मार्ग: हवा तोडणं. ब्लोअरच्या तोंडावर त्यासाठी स्प्रिंगची झडप असते, केबिनमधल्या केबलने ओढली की ती धाडकन बंद होते. जुन्या यंत्रांवर ही झडप अनेकदा काढून टाकलेली, तारेने उघडी बांधलेली किंवा गंजून बसलेली सापडते. ती चालू करून घ्या, केबल चालकाच्या हाताशी आणा, आणि इंजिन बंद असताना बायकोला, मुलाला, शेजाऱ्याला, जो कोणी गाडीत बसणार असेल त्याला ती ओढून दाखवा. पण रोज इंजिन बंद करायला ही झडप वापरू नका. फिरत्या इंजिनाची हवा अचानक तोडली की ब्लोअर सीलमागून तेल ओढून घेतो. जे सील वाचवायचं तेच खराब होतं. रोजच्यासाठी गव्हर्नरचा स्टॉप लिव्हर.

पहिल्या दिवशी एअर फिल्टर लावू नका. जाड प्लायवूडचा तुकडा, त्याला खाली रबर चिकटवलेला, घेऊन एक माणूस ब्लोअरच्या तोंडाशी उभा राहिला पाहिजे. दुसरा स्टार्टरवर, आणि मधे खुणेची भाषा ठरलेली, कारण ओरडून काहीही ऐकू जात नाही. जवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं ठेवा, ते ब्लोअरच्या तोंडात सोडलं तरी इंजिन गुदमरतं. तळहाताने किंवा चिंधीने तोंड बंद करायला कुणी धावू नये. त्या ओढीत हात आत जातो, आणि आत रोटर फिरत असतात. ग्लो प्लग या इंजिनाला नाहीत. थंडीत ते वेगाने फिरवावं लागतं, म्हणून बॅटऱ्या आणि जाड केबल यात काटकसर नको. एम-३७ मुळात २४ व्होल्टची, ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे.

जाता जाता, डोंगरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायची एक खोडी. चढावर इंजिन गिअरमध्येच बंद पडलं आणि गाडी मागे घरंगळली, तर टू-स्ट्रोक डेट्रॉइट उलट्या दिशेने पेटून चालू राहू शकतं. एअर फिल्टरमधून धूर येऊ लागतो. मुख्य म्हणजे ऑइल पंपही उलटा फिरतो, त्यामुळे तेलाचा दाब शून्य. अशा वेळी ताबडतोब क्लच, ब्रेक, स्टॉप. ‘चालू आहे ना, मग चढवू’ असा विचार डोक्यात येऊ देऊ नका.

गिअर. एम-३७ च्या अॅक्सलचं गुणोत्तर ५.८३ आहे आणि ९.००-१६ चा टायर साधारण ९० सेंटिमीटर व्यासाचा. २८०० आरपीएमला, टॉप गिअरमध्ये, हिशोब करा: ताशी ८१ किलोमीटर. त्यापुढे गव्हर्नर जाऊ देणार नाही. म्हणजे महामार्गावर सगळ्या ट्रकांच्या मागे, आणि इंजिन सतत किंचाळत्या टोकाला. नागरी पॉवर वॅगनमध्ये ४.८९ चे अॅक्सल गिअर येत. ते मिळाले तर हाच आकडा ९७ च्या आसपास जातो. माझ्या मते या गाडीच्या साध्या ड्रम ब्रेकना तेवढं पुष्कळ झालं.

पण खरी गोची टॉप स्पीडची नाहीच, गिअरमधल्या अंतराची आहे. मूळ एनपी-४२० गिअरबॉक्सचे आकडे ६.४०, ३.०९, १.६९ आणि १. तिसऱ्यात २८०० पर्यंत ताणून चौथा टाकला की इंजिन १६५० वर पडतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं तर १५३० वर. लांब स्ट्रोकचं फ्लॅटहेड इंजिन ते सहज पचवायचं, कारण त्याचा जोर खालीच होता. ३-५३ ला १८०० ते २८०० या पट्ट्यात ठेवावं लागतं. त्याखाली ओढायला लावलं की काळा धूर, तापलेले पिस्टन आणि चढावर ‘तिसऱ्यात जास्त, चौथ्यात कमी’ अशी कायमची कुचंबणा. म्हणून अॅक्सल बदलण्याआधी गिअरबॉक्सकडे बघा. जुन्या मध्यम ट्रकांतला जवळजवळच्या गुणोत्तरांचा पाच गिअरचा बॉक्स या इंजिनाला सगळ्यात शोभतो. एनव्ही-४५०० हा पाच गिअरचा बॉक्स ओव्हरड्राइव्हमुळे (शाफ्ट इंजिनापेक्षा वेगाने फिरवणाऱ्या वरच्या गिअरमुळे) लोकप्रिय आहे, पण त्याचीही तिसऱ्या-चौथ्यामधली उडी १.६७ ते १ अशीच आहे. वरचा ०.७३ चा पाचवा मात्र छान बसतो: २८०० वरून २०४० ला, म्हणजे पट्ट्याच्या आत. ५.८३ चे अॅक्सल तसेच ठेवून हा पाचवा लावला तर कागदावर ताशी ११० निघतात. कागदावरच राहू द्या. सपाट रस्त्यावर ८०-८५ ला इंजिन २१०० च्या जवळपास फिरतं, ते सुख खरं.

एम-३७ ची एक सोय अशी की गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा डबा) वेगवेगळे आहेत, मधे आखूड प्रोपेलर शाफ्ट आहे. त्यामुळे इंजिन थोडं मागे-पुढे सरकवणं किंवा लांब गिअरबॉक्स बसवणं हे त्या शाफ्टची लांबी बदलून निभावतं. इंजिनाच्या मागचं फ्लायव्हील हाउसिंग कुठल्या एसएई मापाचं आहे ते मात्र आधी मोजा. क्रमांक ३ असेल तर ॲडाप्टर शोधणं सोपं, क्रमांक १ किंवा २ असेल तर ते हाउसिंगच जड आणि रुंद असतं आणि चेसिसच्या मधोमध मावायला भांडतं.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. इंजिनाचं कोरडं वजन साडेचारशे किलोच्या जवळ, जुन्यापेक्षा शे-दीडशे किलो जास्त धरा. पुढच्या पाट्यांना एक पान वाढवा आणि शॉक नवे घाला. ऑइल पॅन पुढे खोल आहे की मागे ते बघा, कारण अॅक्सल वर उसळला की डिफरन्शियलचं डोकं पॅनला भिडतं. यासाठी पाटे पूर्ण दाबून मोजमाप घ्यायचं, गाडी स्टँडवर लटकत असताना नाही. वायपर व्हॅक्यूमवर चालत असतील तर इलेक्ट्रिक मोटर लावा, डिझेलला व्हॅक्यूम नसतो.

एक्झॉस्टला मोकळा, मोठा पाइप द्या. धूर ब्लोअरच्या वाऱ्यानेच बाहेर जायचा असल्याने मागून अडवणूक झाली की ताकद जाते आणि तापमान चढतं. आवाज कमी करायला लहान, दाटीचा मफलर लावणारे इथेच फसतात. मोठ्या डब्याचा ट्रकचा मफलर आणि आत जाणाऱ्या हवेलाही सायलेन्सर, दोन्ही हवेत, कारण निम्मी किंकाळी ब्लोअरच्या तोंडातून येते.

डिझेल परत टाकीत नेणारी नळी हवीच. हे इंजिन लागतं त्याहून कितीतरी जास्त डिझेल फिरवतं, त्यानेच इंजेक्टर थंड राहतात. परतीच्या नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचं फिटिंग असतं, ते साधं समजून फेकू नका. त्यानेच हेडमध्ये दाब टिकतो.

तेलाबद्दल वाद घालू नका. एसएई ४० मोनोग्रेड, सीएफ-२ दर्जाचं, कमी राखेचं. दुकानदार १५डब्ल्यू-४० पुढे करेल, चार-स्ट्रोकसाठी ते उत्तम आहे, यात नको. तेल गळणार हेही मनाशी मान्य करा. एअर बॉक्सच्या तळाला निचऱ्याच्या नळ्या मुद्दामच दिलेल्या असतात, त्यातून तेल-काजळीचं मिश्रण ठिबकतं. त्यांना बूच मारून ‘गळती बंद केली’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याच्याकडून इंजिन घेऊ नका. नळ्यांखाली छोटा डबा लावा आणि तो रिकामा करत राहा. आयडलवर तासन्तास घुरघुरत ठेवलं की हे मिश्रण वाढतं आणि एक्झॉस्टमधूनही काळे थेंब उडतात. ओंडके ओढणारे जुने चालक नव्या पोराला सांगत, आधी दारात बोटं चेमटून घे, मग त्या रागात हे इंजिन चालव. भाषा रांगडी आहे, पण सल्ला बरोबर: गरम झाल्यावर याला दाबून चालवायचं असतं.

ट्यून-अप वर्षातून एकदा तरी करा आणि क्रम मोडू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं टॅपेट, मग इंजेक्टरची उंची (५३ च्या नीडल-व्हॉल्व्ह इंजेक्टरना बहुधा १.४६० इंचाचा गेज लागतो, पण इंजेक्टरवरचा शिक्का आणि मॅन्युअल पाहूनच), मग गव्हर्नरची फट, आणि शेवटी एकेक रॅक. रॅक जुळवणं म्हणजे तिन्ही सिलिंडर सारखं डिझेल घेतील असं बघणं. एक पुढे राहिला की तो सिलिंडर एकटा ओझं वाहतो आणि आधी जातो. हे कुणा जाणत्याकडून एकदा समोर उभं राहून शिकून घ्या. जाणते आता म्हातारे होत चाललेत, तेव्हा इंजिन गाडीत चढवायच्या आधीच.

कागदपत्रांचं: वॉशिंग्टनमध्ये २०२० पासून धूर-तपासणी बंद आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न बराचसा सुटला. दुसऱ्या राज्यात गाडी नेणार असाल तर तिथले नियम आधी विचारा.

आणि हे वाचून महाराष्ट्रात कुणाला जुन्या महिंद्रा जीपमध्ये ५३ टाकायची सुरसुरी आली असेल तर आवरा. २०३ सेंटिमीटर व्हीलबेसच्या त्या हलक्या चेसिसवर साडेचारशे किलोचं, उंच आणि रुंद इंजिन म्हणजे समोरचा अॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक सगळंच बदलणं आलं. त्या जीपना प्युजोची चार-स्ट्रोक डिझेल इंजिनं कारखान्यातूनच बसत होती, तीच तिला मानवतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती आधी, पाना नंतर.

तुम्ही मात्र त्या शेडमध्ये जाऊन या. टॉर्च, टेप, लाकडी काडी आणि एअर बॉक्सच्या झाकणाचे बोल्ट उघडायला पाना एवढं बरोबर असू द्या. प्लेटवरचा नंबर, गव्हर्नरवरची पट्टी आणि हाउसिंगचं माप लिहून आणा. ते हातात आल्यावरच गिअरबॉक्सच्या खरेदीला पैसे काढा.